अंगणातल्या स्पीकरसाठी स्वस्त अ‍ॅम्प्लिफायर: खोक्यावरचे वॅट सोडा, व्होल्ट वाचा

मे महिन्यात नागपुरातलं घर संध्याकाळी सातनंतरच बाहेर येतं. अंगणात पाणी मारायचं, फरशी निवली की खुर्च्या टाकायच्या, आणि मग कुणाच्या तरी डोक्यात येतं की इथे दोन स्पीकर हवेत. स्पीकर निवडणं त्या मानाने सोपं. घोळ होतो अ‍ॅम्प्लिफायरपाशी. दुकानात एका खोक्यावर 3000 वॅट छापलेलं असतं, शेजारच्या तळहाताएवढ्या डबीवर 100 वॅट, आणि किंमत दोन्हींची जवळपास तीच. खरं म्हणजे त्या दोन्ही आकड्यांवरून काहीच कळत नाही.

अंगण, पोर्च किंवा गच्चीवर दोन ते चार स्पीकर चालवायचे असतील, तर दीड हजार ते पाच हजार रुपयांत काम होतं. पुढे दिलेल्या क्रमानेच जा. अ‍ॅम्प आधी घेऊन मग स्पीकर शोधणाऱ्यांचे पैसे हमखास दोनदा जातात.

आधी स्पीकरची पाठ वाचा

स्पीकरच्या मागे तीन आकडे असतात. ओहम, म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो, बहुधा 8, कधी 4 किंवा 6. वॅट लिहिलेले असतील त्यातला आरएमएस, म्हणजे सतत झेपणारे वॅट, हा शब्द असलेलाच आकडा धरा. मॅक्स, पीक आणि पीएमपीओ हे जाहिरातीचे आकडे आहेत. तिसरा आकडा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे 1 वॅट दिल्यावर 1 मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो. बाहेर लावायच्या 5 ते साडेसहा इंची स्पीकरांत तो 86 ते 90 च्या दरम्यान सापडतो. लोक नेमका हाच आकडा वाचत नाहीत.

स्टिकर निघून गेलं असेल तर मल्टिमीटर लावा. 8 ओहमचा स्पीकर मीटरवर 6 ते 7 दाखवतो, 4 ओहमचा साधारण साडेतीन. मीटरवर कमी आकडा दिसला म्हणून स्पीकर खराब समजू नका, डीसीवर मोजताना असंच येतं. शून्याच्या जवळ दाखवलं तर मात्र कॉइल किंवा वायर शॉर्ट आहे. तो स्पीकर कोणत्याही अ‍ॅम्पला लावू नका.

किती वॅट खरंच लागतात

उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. म्हणजे 88 डेसिबलचा स्पीकर 1 वॅटवर 2 मीटरला 82 आणि 4 मीटरला 76 डेसिबल देतो. दोन माणसं शेजारी बसून बोलतात तो आवाज साधारण 60 च्या घरात असतो. तेव्हा खुर्च्या 4 मीटरवर असल्या तरी गप्पांमागे चालणाऱ्या गाण्यांना 1 वॅट पुरतो. गाण्यात तबल्याची थाप किंवा ढोल येतो तेव्हा क्षणभर 10 डेसिबल जास्त लागतात, आणि 10 डेसिबलसाठी दहापट वॅट लागतात. म्हणून प्रत्येक स्पीकरला खरे 15 ते 25 वॅट मिळाले की घरच्या अंगणाचं काम झालं. 25 चे 50 केले तर फक्त 3 डेसिबल वाढतात, कानाला जेमतेम जाणवतात.

नागपूरची अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे कूलर खिडकीबाहेर लटकलेला असतो. घरात थंड हवा जाते, पण पत्र्याची थरथर आणि पाण्याच्या पंपाचा आवाज अंगणाच्या वाट्याला येतो. त्यावर मात करायला जास्त वॅटचा अ‍ॅम्प घेणं म्हणजे दोन आवाजांची कुस्ती लावणं. त्यापेक्षा स्पीकर कूलरच्या भिंतीवर न लावता समोरच्या बाजूला, खुर्च्यांपासून 2 मीटरवर लावा. 4 मीटरवरून 2 वर आणलेला स्पीकर चौपट वॅटचं काम फुकटात करतो.

आता अ‍ॅम्पचे व्होल्ट

आजचे स्वस्त अ‍ॅम्प क्लास डी चिपवर चालतात. दोन चॅनलच्या छोट्या अ‍ॅम्पमध्ये टीपीए 3116 ही चिप फार चालते. असे अ‍ॅम्प किती वॅट देतील हे खोक्यावरून नाही, अ‍ॅडॉप्टरवरून ठरतं. हिशेब सोपा आहे: व्होल्टला व्होल्टने गुणा आणि ओहमच्या दुपटीने भागा.

12 व्होल्ट आणि 8 ओहम: 144 भागिले 16, म्हणजे 9 वॅट.
19 व्होल्ट आणि 8 ओहम: 361 भागिले 16, म्हणजे साडेबावीस.
24 व्होल्ट आणि 8 ओहम: 576 भागिले 16, म्हणजे 36.
24 व्होल्ट आणि 4 ओहम: 576 भागिले 8, म्हणजे 72.

ही वरची हद्द झाली. आवाज फाटायच्या आत याच्या 80-85 टक्केच हाती लागतात, आणि 4 ओहमवर चिपचा ताप त्याआधीच आडवा येतो. पण फरक बघा. तोच 100 वॅट छापलेला बोर्ड 12 व्होल्टवर 9 वॅट देतो आणि 24 वर 36. सीसीटीव्हीच्या दुकानात 12 व्होल्टचा एसएमपीएस, म्हणजे अ‍ॅडॉप्टरसारखाच वीजपुरवठ्याचा डबा, सहज आणि स्वस्त मिळतो, म्हणून पुष्कळजण तोच जोडतात आणि मग अ‍ॅम्पमध्ये दम नाही म्हणून बोर्डाला शिव्या देतात.

घरात जुन्या लॅपटॉपचा 19 व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर पडलेला असेल तर 8 ओहमच्या दोन स्पीकरांसाठी तो उत्तम. 3.42 अ‍ॅम्पिअरचा म्हणजे 65 वॅटचा असला तरी पुरतो. नवीन घ्यायचा तर 24 व्होल्ट 5 अ‍ॅम्पिअर घ्या. अ‍ॅडॉप्टरवर बीआयएसचं चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. वजन हातात घेऊन बघा. 120 वॅट लिहिलेला अ‍ॅडॉप्टर मोबाइल चार्जरइतका हलका लागला तर परत ठेवा.

दोन बारीक गोष्टी इथेच अडवतात. पिन 5.5 मिलिमीटरची असली तरी आतलं भोक 2.1 किंवा 2.5 असतं. चुकीची पिन आत जाते, पण ढिली बसते आणि धक्का लागला की गाणं तुटतं. लॅपटॉपची पिन बहुतेक बोर्डांत बसतच नाही. ती कापून योग्य पिन जोडताना मधला तार प्लस आहे हे मीटरने तपासा. दुसरी गोष्ट म्हणजे बोर्डावरचे गोल कपॅसिटर. त्यावर 35 व्होल्ट लिहिलेलं हवं. काही स्वस्त बोर्डांवर 25 व्होल्टचे असतात. त्यांना 24 व्होल्ट देणं म्हणजे काठावर चालणं, आणि उन्हाळ्यात ते फुगतात. असा बोर्ड आधीच घेऊन झाला असेल तर 19 व्होल्टवरच चालवा. पत्र्याच्या जाळीतला एसएमपीएस वापरत असाल तर त्यावरचा पिवळा किंवा निळा बारीक स्क्रू फिरवून व्होल्ट वाढवता येतात, पण या चिपची हद्द 26 आहे. स्क्रूला हात न लावणं बरं.

बाजारात काय काय मिळतं

सुटा बोर्ड सगळ्यांत स्वस्त. टीपीए 3116 चा ब्लूटूथवाला बोर्ड अंदाजे पाचशे ते हजार रुपयांत येतो, अ‍ॅडॉप्टर आणि प्लास्टिकचा डबा धरून दीड-दोन हजारांत सगळं बसतं. स्क्रू ड्रायव्हर आणि मीटर हातात धरता येत असेल तर याहून जास्त खर्च करायचं कारण नाही.

तयार डबीतला छोटा अ‍ॅम्प, फोसी किंवा आयिमासारखा, ऑनलाइन मिळतो. आत बहुधा याच घराण्यातली चिप असते, पण डबी, नॉब, टर्मिनल नीट असतात. खोक्यात कोणता अ‍ॅडॉप्टर येतो हे मात्र पानाच्या तळाशी जाऊन वाचा. तिथे 12 व्होल्ट असेल तर वरचा हिशेब आठवा.

4440 आयसीचा असेंबल केलेला अ‍ॅम्प आपल्याकडे अजूनही भरपूर विकला जातो. ती आयसी दोन चॅनलवर प्रत्येकी 6 वॅट देते, ब्रिज करून, म्हणजे दोन्ही चॅनल एकाच स्पीकरला जोडून, साधारण 19. आवाज वाईट नसतो, पण ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि उन्हाळ्यात हीटसिंकला हात लावता येत नाही. याच्या खोक्यावर कितीही हजार वॅट छापू द्या, आत एकच 4440 दिसली की आकडा तुम्हाला ठाऊक आहे.

जुनी मिनी सिस्टीम किंवा स्टिरिओ अ‍ॅम्प घरात पडला असेल, मागे ऑक्सची जागा असेल आणि सीडी बिघडलेली असली तरी बाकी चालत असेल, तर आधी तोच लावून बघा. कारचा अ‍ॅम्प मात्र नको. त्याला 12 व्होल्टवर 15-20 अ‍ॅम्पिअर लागतात, आणि तेवढा एसएमपीएस अ‍ॅम्पपेक्षा महाग पडतो.

मोठं लॉन असेल, 40-50 मीटर वायर आणि सहा-आठ स्पीकर असतील, तर हा सगळा हिशेब बदलतो. तिथे अहुजासारख्या पीए अ‍ॅम्पची 100 व्होल्टची लाइन आणि ट्रान्सफॉर्मर असलेले स्पीकर लागतात. सगळ्या स्पीकरांच्या टॅपची, म्हणजे प्रत्येकाच्या ट्रान्सफॉर्मरवर निवडलेल्या वॅटची, बेरीज अ‍ॅम्पच्या 80 टक्क्यांच्या आत ठेवायची, आणि साधा 8 ओहमचा स्पीकर त्या लाइनला चुकूनही लावायचा नाही.

अ‍ॅम्प घरात, फक्त वायर बाहेर

स्पीकरवर आयपी 55 किंवा 65 लिहिलेलं असतं, म्हणजे तो पाऊस-धूळ झेलतो. स्वस्त अ‍ॅम्पला असं काही नसतं. तरी लोक तो गच्चीवर डब्यात ठेवतात. नागपुरात 2013 च्या मे महिन्यात पारा 47.9 अंशांवर गेला होता, तोही सावलीतला. उन्हातल्या पत्र्याच्या पेटीत हवा 60 च्या पुढे सहज जाते. बहुतेक एसएमपीएस पूर्ण क्षमता देतात ती 40-50 अंशांपर्यंत, त्यापुढे कमी. त्यात नवतप्यात रात्री नऊलाही भिंती तापलेल्याच असतात. अ‍ॅम्प वीस मिनिटं वाजतो, गप्प होतो, थोड्या वेळाने परत सुरू होतो: चिपने तापून स्वतःला बंद केलेलं असतं. काही बोर्ड आपोआप उठतात, काहींना स्विच बंद-चालू करावा लागतो.

म्हणून अ‍ॅम्प खोलीत, खिडकीलगत ठेवा. खिडकी यासाठी की ब्लूटूथ मोकळ्या जागेत साधारण 10 मीटर जातं, पण नऊ इंची भिंत आडवी आली की निम्म्यावर येतं आणि स्लॅबमधून तर गच्चीवर पोचतच नाही. गच्चीसाठी अ‍ॅम्प जिन्याच्या टॉवरमध्ये, सावलीच्या भिंतीला ठेवता येतो. डबा प्लास्टिकचा घ्या, पत्र्याच्या डब्यात ब्लूटूथ कोंडतं. वर-खाली छिद्रं पाडा, त्यांना जाळी लावा, नाहीतर पालीला ऊबदार जागा आवडते आणि तिच्या शेपटीने बोर्ड शॉर्ट होतो.

वायर, आणि इलेक्ट्रिशियनची सवय

स्पीकरची म्हणून मिळणारी पारदर्शक वायर बऱ्याचदा अ‍ॅल्युमिनियमची, वरून तांब्याचा मुलामा दिलेली असते. ब्लेडने एक तार खरवडा. आतून पांढरी निघाली तर नको. दोन पावसाळ्यांत ती टर्मिनलपाशी भुकटी होते. घरच्या वायरिंगची मल्टीस्ट्रँड तांब्याची वायर घ्या. 8 ओहमच्या स्पीकरसाठी 10 मीटरपर्यंत 1 चौरस मिलिमीटरची, 15 पर्यंत दीडची, 25 पर्यंत अडीचची. 4 ओहम असेल तर ही अंतरं निम्मी धरा. थोडं पुढे गेलात तर आभाळ कोसळत नाही, अर्धा-एक डेसिबल जातो.

आता सगळ्यांत महागात पडणारी चूक. इलेक्ट्रिशियनला सांगितलं की दोन स्पीकर लावायचे, की तो तीन तारांत काम उरकतो: दोन प्लस आणि एक कॉमन. बल्बांना न्यूट्रल कॉमन चालतो, तशी त्याची हाताची सवय. पण या अ‍ॅम्पचा मायनस न्यूट्रल किंवा अर्थ नसतो, दोन्ही टर्मिनलवर आवाजाचा करंट असतो. डाव्या आणि उजव्या स्पीकरचे मायनस एकत्र केले की चिप शॉर्टमध्ये जाते. नशीब चांगलं तर नुसती बंद पडते, नाहीतर धूर. प्रत्येक स्पीकरला अ‍ॅम्पपासून स्वतंत्र दोन तारा, हे काम सुरू व्हायच्या आधीच सांगा आणि पाइपमध्ये चार तारा गेल्या का ते मोजा. वीजपुरवठ्याच्या तारांच्या पाइपमध्ये या तारा घालू नका.

बाहेरून भिंतीत शिरण्याआधी वायर इंग्रजी यू अक्षरासारखी खाली झुकवा आणि मग वर चढवून भोकात घाला. पाणी तळाशी टपकून जातं. हे न केल्यास जूनच्या पहिल्या सरीत पाणी वायरवरून सरळ खोलीत येतं.

जोडणी

1. अ‍ॅम्पचा प्लग काढून ठेवा. स्पीकर छज्जाखाली, जमिनीपासून सव्वादोन ते अडीच मीटरवर, तोंड थोडं खाली करून बसवा. पश्चिमेची भिंत टाळा. तिथल्या उन्हाने कोनभोवतीचं रबर लवकर तडकतं.

2. प्लस-मायनस तपासा. खोलीतल्या टोकांना दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवा. सेलचा प्लस ज्या तारेला लावला ती स्पीकरची प्लस असेल तर कोन बाहेर येतो, उलट असेल तर आत जातो. एकाने बाहेर उभं राहून बघायचं. जाळीमुळे दिसत नसेल तर बोट हलकेच लावून कळतं. दोन्ही स्पीकर एकाच दिशेने हलले पाहिजेत.

3. मीटरने प्रत्येक जोडीचे ओहम मोजा, मग डावी आणि उजवी जोडी एकमेकींशी कुठे जोडली गेली नाही ना तेही.

4. चार स्पीकर असतील तर एका चॅनलवर दोन, समांतर. 8 आणि 8 चे 4 ओहम होतात, ते टीपीए 3116 ला चालतं. 4 ओहमचे दोन समांतर केले तर 2 होतात, ते चालत नाही. ते एकापुढे एक जोडून 8 करा.

5. तारेची टोकं पिळून टर्मिनलमध्ये घाला. तारेचा एकही बारीक केस बाहेर राहू देऊ नका. बहुतेक बोर्ड याच एका केसामुळे जातात.

6. अ‍ॅम्पचा आवाज शून्यावर, मग प्लग. फोनचा आवाज 80-90 टक्क्यांवर ठेवून अ‍ॅम्पचा नॉब हळूहळू वाढवा. जिथे आवाज चिरकायला लागतो त्याच्या अलीकडे थांबा आणि तिथे मार्करने खूण करा. घरात पोरं असतील तर ही खूण स्पीकर वाचवते, कारण फाटलेला आवाज आधी ट्विटर, म्हणजे स्पीकरमधला बारीक आवाजाचा छोटा भाग, जाळतो.

बिघडलं तर

बास एकदम नाहीसा झाला, आवाज पोकळ वाटतो: एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे आहेत. गाणं नसताना सूं असा आवाज येतो: बोर्डाचा गेन, म्हणजे आत आलेला आवाज किती पटींनी वाढवायचा ती पातळी, जास्त आहे, ती बदलायचा जंपर असेल तर 36 वरून 26 किंवा 20 डेसिबलवर आणा. घूं असा आवाज येतो आणि टीव्हीची ऑडिओ पिन काढली की थांबतो: ती अर्थची फेरी आहे, म्हणजे दोन्ही यंत्रं दोन वाटांनी अर्थला जोडली गेलीत. ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची डबी मधे लावा किंवा ब्लूटूथवर जा. अर्थ तोडून हा आवाज घालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. इन्व्हर्टरवर गेल्यावरच घूं होत असेल तर तो चौकोनी वेव्हचा इन्व्हर्टर आहे. 4440 चा ट्रान्सफॉर्मरवाला अ‍ॅम्प त्यावर कुरकुरतो, एसएमपीएसवाल्याला सहसा फरक पडत नाही.

बास बूस्टचं बटण बाहेर बंदच ठेवा. 5 इंची स्पीकर 80 हर्ट्झच्या खाली फारसं काही देत नाही, तिथे ढकललेले वॅट नुसते कॉइल तापवतात. बास हवाच असेल तर स्पीकर दोन भिंतींच्या कोपऱ्यात न्या.

स्वस्त ब्लूटूथ बोर्ड फोन जोडताना पासवर्ड विचारत नाहीत. अ‍ॅम्प चालू आणि तुमचा फोन लांब, एवढं जुळलं की शेजारचा एखादा पोट्टा जोडून घेतो आणि भजनाच्या मधेच वेगळंच काही सुरू होतं. वापर झाला की स्विच बंद करा. मान्सूनपूर्व वादळांत, विजा चमकत असताना प्लग आणि स्पीकरच्या तारा दोन्ही काढून ठेवा.

कंपाउंडची भिंत

ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. खासगी साउंड सिस्टीमचा आवाज हद्दीवर या मर्यादेच्या 5 डेसिबलहून वर जायला नको. म्हणजे रात्री दहाच्या आत भिंतीपाशी 60. स्पीकर खुर्च्यांपासून 2 मीटरवर असतील आणि तिथे 68 मिळत असतील, तर स्पीकरपासून 5 मीटरवरच्या भिंतीशी साधारण 60 च उरतात. स्पीकर 4 मीटर लांब नेऊन खुर्चीपाशी तेच 68 काढायचे तर भिंतीशी 60 हून जास्त पोचतात. स्पीकर कंपाउंडकडे पाठ आणि घराकडे तोंड करून बसवा, फोनमध्ये डेसिबल मोजायचं अ‍ॅप घ्या आणि नऊ वाजता एकदा भिंतीपाशी जाऊन बघा. फोनचा आकडा चार-पाचने इकडेतिकडे असतो, तेव्हा त्यात 55 दिसेपर्यंत नॉब खाली आणा आणि मार्करची दुसरी खूण तिथे करा.